भट्टीची वेळ

भट्टीजवळच्या संगणकाच्या की-बोर्डवर चार बाण आहेत. त्यांतल्या डाव्या आणि उजव्या बाणावर काळ्या धुळीचा सारखा थर होता; बोट फिरवलं तर रेघ उमटली. वरच्या आणि खालच्या बाणावर धूळ नव्हती. खालच्या बाणाची पांढरी खूण जवळजवळ पुसली गेली होती, आणि त्या बटणाच्या मधोमध बोटाच्या टोकाएवढी जागा गुळगुळीत झाली होती.

भट्टीचा प्रोग्रॅम मला माहीत होता. हीटचा नंबर, भंगाराचं वजन, तापमान आकड्यांत भरायचं आणि एंटर मारायचा. बाणांचं त्यात काही काम नाही. तरी दोन बाण झिजले होते आणि दोन नव्हते. मला त्याचा अर्थ लागला नाही. मी जे बघायला आले होते ते बघितलं, पडद्याच्या कोपऱ्यातली वेळ. मोबाइलमध्ये अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. पडद्यावरही तीच वेळ होती.

म्हणजे घड्याळ बरोबर होतं, आणि भट्टीवरचे बद्रीनाथभाऊ खोटं बोलत होते.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात भंगार वितळवून सळया करतात. मी तिथल्या लॅबमध्ये केमिस्ट आहे. भट्टीत एका वेळी वितळलेल्या मालाला हीट म्हणतात. प्रत्येक हीट ओतण्याआधी तिचा बिस्किटाएवढा नमुना माझ्याकडे येतो. मी तो घासून यंत्राखाली धरते, कार्बन, गंधक, फॉस्फरस बघते, आणि सगळं मर्यादेत असेल तर भट्टीकडची बेल दोनदा दाबते. दोन बेल म्हणजे ओता, एक लांब बेल म्हणजे थांबा. त्यासोबत माझ्या संगणकावर मी ‘मंजूर’ अशी नोंद करते. तिकडे भट्टीवाले माल ओतला की त्यांच्या संगणकावर ‘ओतली’ अशी नोंद करतात. दोन्ही नोंदी ऑफिसातल्या मुख्य संगणकात जमा होतात, प्रत्येकीसमोर वेळ. सळयांबरोबर गिऱ्हाइकाला जे सर्टिफिकेट जातं त्यात एक वाक्य असतं, ‘तपासणीत मंजूर झाल्यानंतरच ओतलेला माल’. त्याखाली माझी सही असते, गौहर आणि पुढे आडनाव.

जानेवारीत एका पुलाच्या कामावर आमच्या काही सळया वाकवताना मोडल्या. गिऱ्हाइकाने त्या हीटच्या नोंदी मागवल्या. ओतली, एक बावन्न. मंजूर, दोन चार.

दोन्ही वेळा एकमेकींशेजारी ठेवून आजवर कोणी वाचल्या नव्हत्या. प्रोग्रॅम फक्त दोन्ही नोंदी आहेत की नाहीत एवढंच बघायचा, आणि मीही तेवढंच बघून सही करायचे. आता मात्र सगळ्यांनाच दिसत होतं की बद्रीनाथभाऊंनी लॅबच्या मंजुरीची वाट न बघता बारा मिनिटं आधी माल ओतला होता.

“नमुना दिल्यावर आणखी भंगार टाकलं असणार, आणि तुमचं उत्तर यायच्या आत ओतून मोकळे झाले असणार,” आमचे मॅनेजर मुकुंद सर म्हणाले. “गौहर मॅडम, तुम्ही फक्त तुमच्या सहीने लिहून द्या की मंजुरीआधी ओतली. बाकीचं मी बघतो.”

बाकीचं म्हणजे बद्रीनाथभाऊंना काढणं. त्यांनी ते म्हटलं नाही, पण लपवलंही नाही. गिऱ्हाइकाला एक नाव हवं होतं. मुकुंद सर वाईट माणूस नाहीत. पण ऑर्डर पुलाची होती, आणि पुढचे पूलही त्याच गिऱ्हाइकाचे होते.

“दोन दिवस द्या. बघते,” मी म्हणाले.

बद्रीनाथभाऊ पहिल्या शिफ्टचे सुपरवायझर. राजूरकडचे. कारखाना उभा राहिला तेव्हापासून भट्टीवर. तोंडाला गमछा बांधून उभे असले की फक्त डोळे दिसतात, त्यामुळे ते हसतायत की रागावलेत हे मला कधीच पटकन ओळखता आलेलं नाही.

“बेल झाली होती का, भाऊ?” भट्टीच्या आवाजात मला जवळजवळ ओरडावं लागलं.

“झाल्ती न, मॅडम. दोनदा.”

“मग बारा मिनिटं आधी ओतली असं का दिसतंय?”

“ते मला काय विचारता? त्या डबड्याला विचारा.” डबड्याकडे मात्र त्यांनी बघितलं नाही.

“तुम्हाला ती हीट नीट आठवते?”

“तवापासून किती हीटा झाल्या! एकेक कुठं ध्यानात राह्यती. पण बेल न्हाई झाली आन् म्या ओतली, हे बिलकुल व्हनार न्हाई माझ्या हातून. तुम्ही आमचे नमुने तपासता, आम्ही तुमच्या बेलीवर जगतो.”

अडचण अशी की ती हीट मलाही आठवत नव्हती. बेल आधी दाबली की ‘मंजूर’ आधी केलं? बहुतेक वेळा बेल आधी. पण बहुतेक वेळा म्हणजे त्या वेळी असं होत नाही. रोजच्या कामाची आठवण एका विशिष्ट दिवसाची नसतेच, सगळे दिवस मिळून एक आठवण तयार होते आणि ती कुठल्याही दिवशी बसते.

म्हणून मी आठवण सोडली आणि मोजता येईल ते मोजलं. त्या हीटचा नमुना आमच्याकडे जपून ठेवलेला होता. गिऱ्हाइकाकडून मोडलेल्या सळईचा तुकडा मागवला आणि दोन्ही एकामागोमाग यंत्राखाली धरले. नंतर भंगार टाकलं असतं तर आकडे वेगळे आले असते. तुकड्यात कार्बन किंचित जास्त होता. पण एकाच नमुन्याच्या दोन कडा तपासल्या तरी एवढा फरक येतो. भंगार टाकलं असंही सिद्ध होईना, टाकलं नाही असंही. सळई मोडण्याची कारणं रोलिंगमध्ये असतात, पाणी मारण्यात असतात. तो विभाग माझा नव्हता, आणि मला कोणी विचारलेलंही नव्हतं.

मग वर्षभराच्या नोंदी काढल्या, आणि मंजुरीआधी ओतलेल्या हीटा वेगळ्या केल्या. मला वाटलं होतं ती एकच असेल. खूप निघाल्या. आणि सगळ्या शिफ्ट बदलतानाच्या निघाल्या, दुपारी दोनच्या आसपास, रात्री दहाच्या आणि सकाळी सहाच्या. मधल्या वेळची एकही नाही.

हे बघून माझा बद्रीनाथभाऊंवरचा संशय वाढला, आणि त्यांच्याबरोबर दुसऱ्या शिफ्टचे हारुनभाई आणि तिसऱ्या शिफ्टचे संपतराव यांच्यावरचाही. घरी जायची घाई. बेलची वाट कोण बघतो? साधा, पटणारा खुलासा होता. तरी तो कागदावर उतरवायला माझा हात होईना. का, ते मला सांगता आलं नसतं.

रमजानचा पहिला आठवडा होता. दुपारी डोकं जड होतं, आणि एकदा वाचलेला आकडा मी दोनदा वाचते. अशाच एका दुपारी इंटरकॉम बंद पडला म्हणून नमुन्यातले नेमके आकडे सांगायला मी स्वतः भट्टीवर गेले. बद्रीनाथभाऊ वर लेडलपाशी, वितळलेला माल घेणाऱ्या मोठ्या बादलीपाशी होते. संगणकाजवळ कोणी नव्हतं. पडद्याच्या कोपऱ्यात एक एकोणपन्नास. मोबाइलमध्ये दोन तीन.

मी मोबाइल खिशात ठेवला, बाहेर काढला, पुन्हा बघितलं. फरक तेवढाच.

लॅबमध्ये जाऊन माझा संगणक तपासला. तो बरोबर होता. सव्वादोनला परत भट्टीवर आले. आता शिफ्ट हारुनभाईंची होती. “काय आपा, आज चकरा लई?” ते म्हणाले. पडद्यावर दोन पंधरा. मोबाइलमध्येही दोन पंधरा.

आतली बॅटरी संपलेलं घड्याळ मागे पडतं आणि मागेच राहतं. पुढे पळणारं पुढेच जात राहतं. मागे पडून पाव तासात आपोआप जागेवर येणारं घड्याळ मी पाहिलेलं नव्हतं. मी चुकीचं वाचलं असेल का? रोजा, ऊन, दोनाच्या जागी एक. दुसऱ्या दिवशी खात्री करायची तर भट्टीचं अस्तर बदलायचं काम निघालं आणि भट्टी दोन दिवस बंद राहिली.

मुकुंद सर दारात उभे राहिले. “मॅडम, झालं का?”

“बघतेय, सर.”

“अजून काय बघायचंय? दोन वेळा आहेत, एक आधीची, एक नंतरची. हे तर माझ्या मुलालाही कळेल.”

“कुठली वेळ आधीची, तेच मला कळत नाहीये.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मी केमिस्ट आहे आणि असं बोलतेय, याचा त्यांना त्रास झाला असावा.

भट्टी बंद होती म्हणून मी दुसरे संगणक बघायला निघाले. गेटजवळ वजनकाटा आहे. तिथे राधेश्यामजी बसतात. त्यांचा संगणक पाच मिनिटं पुढे होता.

“राधेश्यामजी, तुमची वेळ पुढे आहे.”

“पुढंच पाहिजे, मॅडम. ट्रकवाले लेट करतात. घरचं घड्याळ तर माझं दहा मिनिटं पुढं आहे.”

“मग खरी वेळ तुम्हाला कळते कशी?”

“खरी वेळ कशाला लागते?” ते मनापासून म्हणाले. “आपलं वजन खरं पाहिजे.”

एका कारखान्यात तीन संगणक, आणि तिघांच्या तीन वेळा. त्यांतला एक वेळ पुढे ठेवतो हे उघड सांगतो, एक कधी मागे असतो आणि कधी नसतो, आणि तिसरा माझा. माझा बरोबर आहे हे मी मोबाइलवरून ठरवत होते.

शेवटी मी अवधूतला बोलावलं. प्रोग्रॅम त्याने केलेला. संभाजीनगरहून मोटारसायकलवर आला, हेल्मेट माझ्या नमुन्यांच्या ट्रेवर ठेवलं, मी ते उचलून खुर्चीवर ठेवलं.

“नोंदीसमोरची वेळ कोण लिहितं?” मी विचारलं.

“प्रोग्रॅम.”

“त्याला वेळ कुठून कळते?”

“ज्या संगणकावर चालू आहे त्यालाच विचारतो. बाबा, किती वाजले? तो सांगेल ते लिहून मुख्य संगणकाला पाठवतो.”

“आणि मुख्य संगणक?”

“तो विश्वास ठेवतो.” अवधूत हसला. मी हसले नाही, तेव्हा त्याने खुर्ची पुढे ओढली.

“त्याला स्वतःचं घड्याळ नाही?”

“आहे ना. एकदम चोख. इंटरनेटवरून सारखं जुळवून घेतं स्वतःला.”

“मग वेळ त्यालाच का लिहू देत नाही? तीन जणांना विचारण्यापेक्षा एकाला विचारायचं.”

“एका ओळीचं काम आहे. पण तेव्हा भट्टीकडची केबल उंदीर कुरतडायचे, आठवतंय? लाइन गेली की नोंदी भट्टीच्या संगणकातच साचून राहायच्या आणि लाइन आली की एकदम यायच्या. मुख्य संगणकाने वेळ लिहिली असती तर चार तासांच्या हीटा एकाच मिनिटाला ओतल्या असं दिसलं असतं. म्हणून जिथे घडलं तिथली वेळ घेतली. खरं म्हणजे दोन्ही ठेवायला पाहिजेत. तिथे घडलं कधी आणि इथे कळलं कधी. मग दोन्हींत फरक पडला की लगेच दिसतो.”

“मग दोन्ही का नाही ठेवल्या?”

“दिसला असता ना फरक. मला रोज फोन आले असते.”

हे त्याने इतक्या प्रामाणिकपणे सांगितलं की मला राग येईना.

“आणि भट्टीवरच्या संगणकाची वेळ कोणी बदलली तर?”

“बदलू शकतं कोणीही. पासवर्ड ठेवला नव्हता. ठेवला की ते विसरतात आणि परत मलाच फोन.”

तो की-बोर्डवर वाकला. “एक मात्र आहे, मॅडम. मुख्य संगणक आलेल्या प्रत्येक नोंदीला आल्या क्रमाने एक नंबर देतो. तो नंबर घड्याळ बघत नाही. रेशनच्या रांगेसारखं, जो आधी आला त्याला आधीचा.”

आम्ही त्या हीटच्या दोन नोंदींचे नंबर काढले. माझ्या ‘मंजूर’चा आधी होता. मग वजनकाट्याच्या दोन ट्रकच्या नोंदी. मग भट्टीची ‘ओतली’.

“म्हणजे ओतल्याची नोंद नंतर आली,” मी म्हणाले.

“नंतरच.”

“केबल गेली असेल आणि उशिरा पोचली असेल तर?”

“तर भट्टीच्या आधीच्या तापमानाच्या नोंदीही हिच्यासोबत एका गठ्ठ्यात आल्या असत्या. त्या बघा, सुट्या सुट्या आल्यात. लाइन चालू होती. बटण दाबलं आणि नोंद आली.”

मी कागदावर लिहून बघितलं. मंजूर केलं तेव्हा माझ्या घड्याळात दोन चार होते. बटण त्यानंतर दाबलं गेलं. त्या क्षणी भट्टीचं घड्याळ एक बावन्न सांगत होतं. म्हणून भट्टीचं घड्याळ त्या दिवशी किमान बारा मिनिटं मागे होतं. एवढं निश्चित होतं. इतक्या दिवसांत निश्चित झालेली ही पहिली गोष्ट.

मी लगेच भट्टीवर गेले. “भाऊ, ‘ओतली’चं बटण तुम्ही नेमकं कधी दाबता? ओतायला लागल्याबरोबर?”

ते ‘हो’ म्हणाले असते तर काम झालं असतं. त्यांनी गमछा खाली केला आणि विचार केला.

“कवा लगेच. कवा हात मोकळा झाला की मंग.”

“त्या दिवशी?”

“आता ते कसं सांगू, मॅडम? खोटं कशाला बोलू?”

म्हणजे बटण मंजुरीनंतर दाबलं होतं. माल मंजुरीनंतर ओतला होता का, ते तरीही ठरत नव्हतं. आणि घड्याळ मागे का होतं, पुन्हा जागेवर कसं यायचं, ते तर अजिबातच कळत नव्हतं. अवधूत संभाजीनगरला परत गेला. मुकुंद सरांनी दारातून विचारलं, मी “बघतेय” म्हणाले. आता त्या शब्दाची मला लाज वाटायला लागली होती. कारण एक गोष्ट मला अवधूतने नंबर दाखवले तेव्हाच कळलेली होती आणि ती मी कोणाजवळ बोलत नव्हते. घड्याळांवर भरवसा नव्हता, आणि मी वर्षभर सगळ्या सर्टिफिकेटांवर ‘मंजूर झाल्यानंतरच’ याखाली सही करत आले होते.

शनिवारी दुपारी कँटीनसमोरून जाताना कांताबाई भज्यांची परात घेऊन बाहेर आल्या. कारखान्याचं कँटीन त्याच चालवतात.

“ताई, रोजा हाय न? मंग तिकून जा, वास लागंल.”

“एवढी भजी कोणाला?”

“बद्रीभाऊच्या शिफ्टला. ज्याच्या हीटा जास्त त्याला शनिवारी भजी. तुमाला ठाव न्हाई?”

मला ठाऊक नव्हतं. मी डबा आणते आणि लॅबमध्ये खाते. आत फळ्यावर तीन शिफ्टांची नावं आणि खाली खडूच्या उभ्या रेघा होत्या. बद्रीनाथभाऊ आणि त्यांची माणसं बाकावर बसली होती. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी आलेले हारुनभाई खांबाला टेकून, हात बांधून उभे होते.

“बघा आपा,” ते मला म्हणाले, “मी रोजात आहे हे बघून यांनी बरोबर ह्याच महिन्यात जिंकायचं काढलं.”

“आरं, तू ईदनंतर जिंक. शिरखुर्म्यासोबत खा भजी,” बद्रीनाथभाऊ म्हणाले. सगळे हसले.

“जिंकले कसे ते मला माहीत आहे ना. मंगळवारी पाच मिनिटं जास्तच खाली नेलं तुम्ही. वर आणताना माझं बोट दुखलं.”

“काय खाली नेलं?” मी विचारलं.

बाकावरचं हसणं एकेक करत थांबलं. माझ्या डोळ्यांसमोर की-बोर्डवरचे चार बाण आले, दोन धुळीचे, दोन झिजलेले.

“घड्याळ,” मी म्हणाले.

बद्रीनाथभाऊंनी हातातलं भजं परातीत ठेवलं. मग उठले आणि मला बाहेर नळापाशी घेऊन आले. हारुनभाई मागून आले.

“घड्याळ न्हाई, मॅडम. थोडी मिन्टं,” बद्रीनाथभाऊ म्हणाले. “आता तुम्हीच सांगा. हीट दोन-दोन तास आम्ही शिजवायची, घाम आमचा, आन् दोन वाजून पाच मिन्टांनी ओतली की त्यो प्रोग्राम म्हनतो हारुनच्या शिफ्टची. हे बराबर हाय का?”

“बरोबर नाही.”

“मंग! ज्यानं शिजवली त्याच्या नावावर पडाय पाह्यजे. म्हनून दोनच्या आधी काटा खाली घ्यायचा, हीट आपल्यात टाकायची. हारुन आला की वर घेतो. रात्री त्यो तसंच करतो, संपत वर घेतो. तिघाचं ठरल्यालं हाय. कुनाचं एक मिनिट कुनी खाल्लं न्हाई.”

“मंगळवारी खाल्लं,” हारुनभाई हळूच म्हणाले.

“गप रे.”

वर्षभराच्या त्या सगळ्या उलट्या हीटांचा अर्थ मला नळापाशी उभ्या उभ्या लागला. घरी जायची घाई नव्हती. उलट प्रत्येक जण दुसऱ्याची हीट दुसऱ्याला आणि आपली आपल्याला मिळावी म्हणून झटत होता, आणि त्या न्यायासाठी रोज तीनदा वेळ मागे जात होती.

“हे तुम्ही मुकुंद सरांना का नाही सांगितलं? घड्याळ मागे होतं म्हटलं की तुम्ही सुटता.”

“सुटतो कशाला? घड्याळ फिरवलं म्हनून जातोच. वर हारुन आन् संपत बी जातेत.” त्यांनी नळ बंद केला, जो आधीच बंद होता. “बिना बेलीचं ओतलं म्हटलं तर म्या एकटा जाईन. एक गेलेला बरा का तीन?”

“पण तुम्ही बेलशिवाय ओतलेलं नाही.”

“तुम्हाला काय ठाव? तुम्हीच तर विचारून राह्यल्या की कवा दाबलं.”

हे खरं होतं.

“तुम्हाला खोटं बोलाय लावत न्हाई,” ते म्हणाले. “रोजा हाय तुमचा. फकस्त बोलू नका.”

हारुनभाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. ते आत गेले, आणि थोड्या वेळाने भट्टीकडून शिफ्टचा भोंगा झाला.

संध्याकाळी घरी अम्मीने दस्तरखान मांडला. आमच्या भिंतीवरचं घड्याळ, अम्मीच्या मोबाइलमधली वेळ आणि इफ्तारीचं छापील वेळापत्रक या तिन्हींचं कधी जुळत नाही. वेळापत्रक संभाजीनगरचं, त्याखाली बारीक अक्षरात छापलेलं असतं, जालन्यासाठी दोन मिनिटं कमी. हातात खजूर धरून मी भिंतीकडे बघत होते.

“घड़ी मत देख,” अम्मी म्हणाली. “भोंगा हुआ के उठा.”

“अम्मी, मशिदीतलं घड्याळ चुकलं तर?”

“तो सबका साथ में चूकेगा. तेरा अकेली का नहीं.”

भोंगा झाला. भिंतीवर दोन मिनिटं कमी होती. गल्लीत सगळ्यांनी एकदमच रोजा सोडला. खजूर तोंडात होता आणि मी अवधूतची ती एक ओळ आठवत होते. उद्यापासूनचं सोपं होतं. वेळ एकाच ठिकाणी लागेल, मुख्य संगणकात, आणि भट्टीवरची वेळ फक्त शेजारी राहील, फरक दिसावा म्हणून. हीट कोणत्या शिफ्टची हे ठरवायला भट्टीत भंगार टाकल्याची वेळ धरता येईल, म्हणजे कोणाला बाणाला हात लावायला नको. हे सगळं मला स्पष्ट दिसत होतं. कालपर्यंतचं काय करायचं ते दिसत होतं आणि मी त्याच्याकडे बघत नव्हते.

सोमवारी मुकुंद सरांनी बोलावलं. केबिनमध्ये बद्रीनाथभाऊ आधीच उभे होते, गमछा हातात. दाराजवळ हारुनभाई. त्यांना कोणी बोलावलं होतं की ते स्वतः आले होते, मला कळलं नाही. टेबलावर टाइप केलेला कागद होता. त्यात चार ओळी आणि खाली सहीची जागा.

“बसा, मॅडम. तुमचं काम कमी केलंय मी. फक्त सही.”

मी वाचलं. ‘लॅबच्या मंजुरीपूर्वी हीट ओतण्यात आल्याचे नोंदींवरून स्पष्ट होते.’

“स्पष्ट होत नाही, सर.”

“परत तेच?”

“भट्टीच्या घड्याळात एक बावन्न असताना प्रत्यक्षात दोन वाजून चार मिनिटं होऊन गेली होती. ते नोंदीच्या क्रमावरून ठरतं. अवधूतने समोर बसून दाखवलंय. त्या घड्याळात काहीही दिसलं तरी त्यावरून काही ठरत नाही.”

“म्हणजे घड्याळ मागे होतं.” ते खुर्चीत पुढे सरकले. “का होतं? कोणी केलं?”

बद्रीनाथभाऊ माझ्याकडे बघत होते. आज गमछा नव्हता, पूर्ण चेहरा दिसत होता, तरी मला तो वाचता येईना. हारुनभाईंनी तोंड उघडलं होतं.

“त्या संगणकाला पासवर्ड नाही,” मी हारुनभाईंच्या आधी म्हणाले. “भट्टीवर जाणारा कोणीही ते फिरवू शकतो. मी, तुम्ही, कांताबाई. काट्यावरचा संगणकही पाच मिनिटं पुढे आहे. जी वेळ कोणीही बदलू शकतो, ती एका माणसाविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. मी कोणाचंही नाव लिहून देणार नाही.”

“बरं, मग लिहा की मंजुरीनंतर ओतली. तेही चालेल. गिऱ्हाइकाला काहीतरी एक द्यायचंय मला.”

“तेही लिहून देता येत नाही. मला माहीत नाही, सर.”

“मॅडम!” त्यांनी पेन टेबलावर टाकलं. “मग वर्षभर कशावर सही करत होता तुम्ही? प्रत्येक सर्टिफिकेटवर लिहिलंय ना, मंजूर झाल्यानंतरच?”

हा प्रश्न मला कोणीतरी विचारावा म्हणून मी थांबले होते, की कोणी विचारू नये म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही. पेन घरंगळत टेबलाच्या कडेशी आलं. मी ते अडवलं, सहीच्या कागदावर आडवं ठेवलं, आणि कागद त्यांच्याकडे सरकवला.

“ती सगळी सर्टिफिकेटं परत मागवा,” मी म्हणाले. “वर्षभरातली. माझ्या सहीची.”